इको, स्पोर्ट आणि आपला उजवा पाय

हल्ली गाडी घ्यायला गेलेला माणूस बॉनेट उघडून बघत नाही, बटणं मोजतो. सनरूफ आहे का, स्क्रीन केवढी आहे आणि ‘मोड’ किती आहेत! टाटांनी २०१४ साली झेस्टच्या टर्बो पेट्रोल गाडीत इको, सिटी आणि स्पोर्ट असे तीन मोड दिले. २०१७ मध्ये आलेल्या नेक्सॉनमुळे ते बऱ्याच घरांत पोचले. महिंद्राने तर २०२१ च्या एक्सयूव्ही ७०० मध्ये डिझेलच्या मोडचं बारसंच केलं - झिप, झॅप आणि झूम! ऐकताना एकाच पाळण्यातली तिळी वाटतात.

तर या बटणांबद्दल आपल्या हॉस्टेलमध्ये एक ब्रह्मवाक्य प्रचलित आहे. ‘इकोवर ठेव, इंजिन टिकतं. स्पोर्टवर टाकलीस की टर्बोची वाट लागली म्हणून समज.’ मेसच्या लाइनीत, चहाच्या टपरीवर, अगदी स्टाफच्या पार्किंगमध्येसुद्धा मी हे ऐकलंय. सांगणाऱ्याचा आवाज असा की जणू टर्बोने स्वतः येऊन त्याच्याकडे तक्रार केली आहे.

मला हे पटत नाही. आमच्या मेकॅनिकलच्या थर्ड इयरला मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे गाड्यांच्या गप्पांत माझं मत सहसा कुणी विचारत नाही. ठीक आहे, विचारलं नाही तरी लिहिता येतं! माझं म्हणणं एवढंच आहे की इकोचं बटण इंधन वाचवण्यासाठी असतं. इंजिनाची झीज कमी करण्याचं वचन त्या बटणाने कुणालाच दिलेलं नाही. आणि काही वेळा, विशेषतः आपल्या घाटांमध्ये, इकोच्या नादाने टर्बोला आणि इंजिनाला जास्तच राबावं लागतं.

कॉम्प्युटर आणि सिव्हिलच्या मित्रांनी घाबरू नये. व्हायवा घेणार नाही.

आधी बघू की बटण दाबल्यावर होतं काय. हल्लीच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरची केबल नसते. आपला पाय म्हणजे फक्त एक अर्ज असतो. तो इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे जातो आणि किती हवा, किती इंधन द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. मोड म्हणजे या अर्जाकडे बघण्याची पद्धत. इकोत पाय अर्धा दाबला तरी कॉम्प्युटर थोडंच देतो, स्पोर्टमध्ये तेवढ्याच पायाला भरभरून देतो. ऑटोमॅटिक गाडी असेल तर इकोत वरचा गिअर लवकर पडतो, स्पोर्टमध्ये खालचा गिअर जास्त वेळ धरून ठेवला जातो. काही गाड्यांत इकोमध्ये एसी थोडा आवरता घेतात, काहींमध्ये जास्तीत जास्त टॉर्कवरही मर्यादा घालतात. बस्स! टर्बो तोच, पिस्टन तेच, बेअरिंग तीच आणि ऑइलही तेच.

आता टर्बोविषयी. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं, म्हणजे कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या जळक्या वायूत बरीच ऊर्जा शिल्लक असते. ती वाया घालवण्याऐवजी तिच्यावर एक छोटं चाक फिरवायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, जे बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. म्हणून तर आज बाराशे सीसीच्या, अगदी हजार सीसीच्या इंजिनाकडून आपण मोठ्या इंजिनाची कामं करून घेतो.

पण हे चाक राहतं कुठे ते बघा. आपल्या रूमचा पंखा फुल स्पीडवर मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे मारतो. छोट्या गाडीचा टर्बो जोरात असला की दीड-दोन लाख फेरे मारतो! एका बाजूला पेट्रोल इंजिनाचे नऊशे ते हजार डिग्रीपर्यंत तापणारे वायू, दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेली हवा आणि मधे बोटाएवढा दांडा. बहुतेक गाड्यांत हा दांडा बॉल बेअरिंगवर नसतो, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. आजोबा याला ‘वंगण’ म्हणायचे. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, शाळेत मी ‘लुब्रिकेशन’ शिकले, पण वंगण हा शब्द मला कितीतरी जास्त आवडतो. उच्चारतानाच तो तेलकट वाटतो. आणि ‘झीज’! ‘वेअर’ म्हटलं की परीक्षेतला प्रश्न आठवतो, झीज म्हटलं की उंबरठा आठवतो. तर टर्बोचं सगळं आयुष्य या वंगणाच्या थरावर उभं आहे. तो थर पातळ झाला, जळला किंवा वेळेवर पोचला नाही की झीज सुरू.

आता मुद्द्याचा घाट! वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागतो. तिथे एक छोटी टर्बो पेट्रोल गाडी चढतेय असं समजा. माणसं आणि सामान धरून वजन १६०० किलो, चढ आठ टक्के, वेग ताशी ४० किलोमीटर. कॅल्क्युलेटर काढा. चढामुळे मागे ओढणारं बल साधारण १२५० न्यूटन, टायर आणि हवेचा विरोध मिळून आणखी तीनेकशे. वेगाने गुणा, गिअरबॉक्समधला तोटा धरा, की इंजिनाला १९ किलोवॅटच्या आसपास ताकद द्यावी लागते. हा आकडा इको असो, स्पोर्ट असो, झिप असो की झूम, तोच राहतो. डोंगर काही तुमचं बटण बघून उतार कमी करत नाही!

पण ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. फेरे कमी असतील तर टॉर्क जास्त काढावा लागणार. चौथ्या गिअरमध्ये इंजिन १५०० फेऱ्यांवर असेल, तर त्याला १२० न्यूटन-मीटर टॉर्क द्यावा लागेल. तिसऱ्यात २००० फेऱ्यांवर ९० पुरे. दुसऱ्यात ३००० फेऱ्यांवर फक्त ६०.

आता हे आकडे नीट बघा. टर्बो नसलेलं बाराशे सीसीचं साधं पेट्रोल इंजिन जास्तीत जास्त ११०-११५ न्यूटन-मीटरपर्यंत जातं, आणि तेही बऱ्याच वरच्या फेऱ्यांवर. म्हणजे चौथ्या गिअरमध्ये १२० मागितले की टर्बोला पदर खोचून उभं राहावंच लागतं. हवा दाबायची, सिलिंडरमधला दाब वाढवायचा आणि हे सगळं इंजिन जेमतेम फिरत असताना. त्याच घाटात त्याच वेगाने खालच्या गिअरमध्ये गेलात तर टर्बोवाचूनही भागेल इतकाच टॉर्क लागतो. आवाज जास्त येतो, टॅकोमीटरचा काटा वर जातो, शेजारी बसलेली आई म्हणते, ‘अगं, किती ताणतेयस गाडीला!’ पण खरं ताणलेलं इंजिन आवाज कमी असताना होतं.

थोडं पेट्रोल जास्त जातं का? हो, जातं. फेरे वाढले की घर्षणात जास्त ऊर्जा जाते, हे मान्य. इको मोड त्यासाठीच वरच्या गिअरकडे धावतो. पण तो पेट्रोलचा हिशोब झाला, झिजेचा हिशोब वेगळा असतो.

झिजेचा हिशोब आपल्या अभ्यासक्रमातच आहे. स्ट्रिबेक नावाच्या जर्मन इंजिनिअरचे बेअरिंगवरचे १९०२ सालचे प्रयोग. ट्रायबॉलॉजीत तो वक्र आपण पाठ करतो, पेपरात काढतो आणि विसरतो. तो सांगतो काय? ऑइलचा घट्टपणा गुणिले वेग, भागिले भार. हा आकडा मोठा असेल तर धातू आणि धातू यांच्यामध्ये ऑइलचा जाड थर राहतो. आकडा लहान झाला की थर पातळ होतो आणि धातूला धातू लागायला सुरुवात होते. आता चौथ्या गिअरमधली आपली गाडी आठवा. वेग कमी, भार जास्त. म्हणजे वरचा आकडा कमी, खालचा जास्त. क्रँकच्या बेअरिंगसाठी याहून वाईट वेळ क्वचितच येते. साहेबांनी एकशे वीस वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय!

पेट्रोलवाल्यांना तर आणखी एक धोका आहे. ज्या टर्बो इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात, त्यांत कमी फेऱ्यांवर भरपूर भार दिला की कधीकधी स्पार्क प्लगची ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घेतं. याला लो-स्पीड प्री-इग्निशन म्हणतात. सिलिंडरमधला दाब अचानक इतका चढतो की पिस्टनचा रिंगजवळचा भाग फुटू शकतो. हा प्रश्न इतका गंभीर निघाला की अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटला मे २०१८ मध्ये ऑइलसाठी एसएन प्लस आणि मे २०२० मध्ये एसपी ही नवी मानकं आणावी लागली. ऑइलमधल्या कॅल्शियमचा यात हात असतो असं दिसल्यावर त्याचं प्रमाण कमी करून मॅग्नेशियम वाढवण्यात आलं. म्हणजे जगभरच्या केमिस्टनी डोकं लावलं ते कशासाठी, तर माणसं आणि मशीन कमी फेऱ्यांवर जास्त ताकद मागतात म्हणून.

आता कुणी म्हणेल, ‘वा, म्हणजे स्पोर्टवर टाकून सुटायचं!’ थांबा, तसंही नाही.

स्पोर्टमध्ये पाय जरा हलला तरी इंजिन उसळी घेतं. शहरात सिग्नल ते सिग्नल असं पळवलं तर टर्बो दर मिनिटाला शून्यातून लाखावर आणि परत खाली. दर वेळी बाहेर जाणारा वायू तापतो, केसिंग तापतं, पुन्हा निवतं. या तापण्या-निवण्यानेच टर्बिनच्या घराला तडे जातात. सकाळी इंजिन थंड असताना स्पोर्टवर दामटली तर त्याहून वाईट. ऑइल अजून घट्ट असतं, पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातलं अंतर अजून जमलेलं नसतं आणि आपण टर्बोला मॅरेथॉनला उभं करतो. एक्स्प्रेस-वेवर ताशी शंभरच्या एकसारख्या वेगात स्पोर्टवर जाण्यात तर काहीच हशील नाही. तिथे भार कमीच असतो, वरचा गिअर अगदी योग्य असतो. तिथे इको उत्तम!

म्हणून मी म्हणते की चांगला मोड आणि वाईट मोड अशी विभागणीच चुकीची आहे. प्रश्न असा विचारायला हवा की आत्ता रस्ता किती भार मागतोय, इंजिन किती फेऱ्यांवर आहे आणि ऑइल किती तापलंय. हे तीन प्रश्न बटण विचारत नाही, ड्रायव्हरने विचारायचे असतात.

हा विषय माझ्यासाठी नुसता थिअरीचा नाही. आमचे मामा वाईला टुरिस्ट गाडी चालवतात. डिझेल गाडी, पिवळी पाटी, सीझनमध्ये रोज घाट. मामा अत्यंत शिस्तीचे. गाडी घेतली तेव्हा सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांना सांगितलं होतं, ‘इकोवरच ठेवा, गाडीला काही होत नाही.’ मामांनी ते वाक्य देवाच्या प्रसादासारखं घेतलं. कायम इको, कायम वरचा गिअर. आधीच्या पिढीचे ड्रायव्हर ‘गाडी टॉपवर ओढली पाहिजे’ हे अभिमानाने सांगायचे, मामा त्यांच्याच हाताखाली शिकले. डिझेल वाचवायचं म्हणून टेबल लँडचा शेवटचा चढ चढून गाडी थांबली रे थांबली की चावी बंद.

ऐन मे महिन्यात गाडीने शिट्टी द्यायला सुरुवात केली, मग निळा धूर, मग टर्बो गेला. मेकॅनिकने उघडून दाखवला तेव्हा मी तिथेच होते. टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी आतून काळी, कोळशासारखी. दांडा बोटाने हलवला तर खुळखुळत होता. चढून आलेलं इंजिन झटकन बंद केलं की ऑइलचा पंपही थांबतो. तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल तिथेच करपतं, कढईतल्या फोडणीसारखं. रोज थोडं थोडं. डिझेलचं आणखी एक म्हणजे सतत कमी फेऱ्यांवर रेटल्याने काजळी जास्त होते, आणि टर्बोच्या आतल्या हलत्या पात्या त्या काजळीने जाम होतात.

मामांची गाडी सीझनचे बारा दिवस उभी होती. हप्ता मात्र उभा राहत नाही. मामी कुणाला काही बोलली नाही, पण त्या वर्षी दिदीच्या क्लासचे पैसे आजीच्या पाटलीतून गेले. मामांचा एकच प्रश्न होता, ‘पोरी, मी तर कायम इकोवर चालवली गं. मग माझं चुकलं कुठे?’

मला राग येतो तो इथे. मामांचं चुकलं नव्हतं. त्यांना जे सांगितलं ते त्यांनी मनापासून केलं. पण अर्धवट सांगितलं गेलं. ‘इको’ या एका शब्दावर कुणी गाडी विकली आणि तोच शब्द मामांनी ‘काळजी’ असा वाचला.

यावर आमच्या वर्गातल्या एका विद्वानाचं म्हणणं असं की कंपनीचे इंजिनिअर काय मूर्ख आहेत? कॉम्प्युटर इंजिनाला मरू देत नाही. बरोबर आहे. नॉकिंग झालं तर कॉम्प्युटर स्पार्क मागे घेतो, टर्बोचा दाब वाढला तर वेस्टगेट उघडतो. आजकाल बऱ्याच टर्बोंना पाण्याचं कूलिंगही असतं, काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही छोटा पंप पाणी फिरवत राहतो. हे सगळं खरं आहे आणि कौतुकाचं आहे. पण कॉम्प्युटर मोडतोड थांबवतो, झीज थांबवत नाही. तुमचं ऑइल दोन हजार किलोमीटर उशिरा बदललंय हे बेअरिंगला कळतं, बटणाला कळत नाही. आणि मायलेजचा जो सरकारी आकडा जाहिरातीत छापतात, तो गाडी रोलरवर ठेवून काढलेला असतो. त्या रोलरवर पसरणीचा घाट नसतो!

मग करायचं काय? फार नाही. सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर हळू. मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवण्यापेक्षा हलक्या पायाने निघालेलं बरं. शहरात आणि सपाट हायवेवर इको खुशाल वापरा. घाट लागला, गाडीत माणसं भरली किंवा ओव्हरटेक करायचा असला की दीड हजार फेऱ्यांवर पाय जमिनीला टेकवू नका. एक गिअर खाली या, ऑटोमॅटिक असेल तर स्पोर्ट दाबा, आणि चढ संपला की परत इको. चढून आल्यावर शेवटचा किलोमीटर सावकाश घ्या, नाहीतर गाडी थांबवून मिनिटभर चालू राहू द्या. तेवढ्यात प्रवाशांचा पहिला सेल्फी होतो! ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच आणि वेळेवर. बीएस-६ डिझेलवाल्यांनी नुसती गल्लीबोळात फिरवू नये. एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, त्यासाठी वायू सहाशे डिग्रीच्या आसपास तापावे लागतात. तो तुंबला की टर्बोच्या मागे दाब साठतो, म्हणून अधूनमधून गाडीला मोकळा लांब रस्ता दाखवा.

यातलं काहीही अवघड नाही. पण हे मामांना सांगायचं कोणी? विकणारा सांगणार नाही, त्याला पुढचं गिऱ्हाईक आहे. पुस्तिका इंग्रजीत, ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच येत नाही. उरलो आपण. आपण काय करतो? लॅबमधल्या सिंगल सिलिंडर इंजिनावर लोड टेस्ट घेतो, म्हणजे रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतो. पण तोच प्रयोग नीट केला तर या लेखातला निम्मा भाग तिथे डोळ्यांनी दिसतो. फेरे तेवढेच ठेवून भार वाढवत जा आणि एक्झॉस्टचं तापमान बघत जा.

माझी सूचना अशी आहे. भंगारात एखादा गेलेला टर्बो स्वस्तात मिळतो. तो कापून लॅबच्या दारात ठेवू. एका रविवारी आपल्या कॉलेज बसचे ड्रायव्हर काका, स्टाफची गाडी चालवणारे, बाहेरच्या स्टँडवरचे रिक्षा-टॅक्सीवाले यांना बोलावू, चहा देऊ आणि मराठीत सांगू. एचओडी सरांनी परवानगी दिली तर आमची सात-आठ जणींची टीम तयार आहे. कापायला ग्राइंडर हवा आहे, तो वर्कशॉपच्या सरांनी द्यावा ही नम्र विनंती. मामांना मी आधीच विचारलंय. ते म्हणाले, ‘येतो, पण जुना टर्बो माझाच घ्या.’